थोरलीची दोन बोटं

ते साल अडुसष्टचं. त्या हिवाळ्यात कोंबड्यांवर मानमोडी आली आणि थंडी सरायच्या आत गल्लीतली बहुतेक खुराडी रिकामी झाली. साल लक्षात ठेवायची माणसांची खूण वेगवेगळी असते. कुणी पुराची ठेवतं, कुणी लढाईची. त्या गल्लीतल्या बायका मात्र पुढे कितीतरी वर्षं 'मानमोडीच्या आधी' आणि 'मानमोडीनंतर' असंच बोलत राहिल्या.

सुताराच्या घरात तेव्हा तीन माणसं होती. सुतार, त्याची बायको आणि त्याची विधवा भावजय. भावजयीला सगळे थोरली म्हणत. नवरा गेला तेव्हा दिराला अजून मिसरूड फुटायचं होतं. तिनंच त्याला वाढवला, रंध्यावर उभा केला आणि मागच्या वर्षी त्याचं लग्नही लावून दिलं. आलेली मुलगी अंगानं काडी, बोलायला कमी. तिचं नाव धाकटी पडलं आणि तेच राहिलं.

घर दिराच्या कामावर चालायचं. पण परसातलं खुराडं थोरलीचं होतं आणि त्या खुराड्यामुळे तिला घरात आणि गल्लीत मान होता. अंडी तर सगळ्यांच्याच कोंबड्या देत होत्या. थोरलीपाशी हात होता. संध्याकाळी उन्हं उतरली की बायका काखेत एखादी तलंग मारून उंबऱ्याशी यायच्या. तलंग म्हणजे वयात येऊ घातलेली कोंबडी. ती अंड्यावर येणार कधी, येणार की नाही, हे तिच्याकडे बघून सांगणं अवघड. थोरली तिला मांडीवर पोटाशी धरायची, शेपटी वर करायची आणि खालच्या दोन हाडांच्या मध्ये बोटं आडवी ठेवायची. एक बोट बसलं तर अजून अवकाश आहे. दोन बसली तर आठवड्याच्या आत अंडं. अजिबातच जागा नाही आणि पोट पाटीसारखं कडक, तर ती कोंबडी नव्हे, नुसती चोच. दाणे घालण्यात अर्थ नाही. थोरली 'ठेव' म्हणाली की बाई कोंबडी घेऊन घरी जायची आणि 'दे' म्हणाली की त्याच पावली खाटकाकडे. त्यावर कुणी उलट विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मानमोडीनं तिच्या सगळ्या जुन्या कोंबड्या नेल्या. माना मुरगळून एकेक पडत गेली. थोरलीनं त्या परसाच्या टोकाला पुरल्या आणि खुराड्याला चुना मारला. एकदा मारून तिचं समाधान होईना. तिनं भाजका चुना विरवला आणि फळीची फट न् फट हातानं सारवून काढली. कुंचा फटीत जात नाही म्हणाली. धाकटीनं हाताला फडकं बांधायला आणून दिलं, तर ते तिनं खांद्यावर टाकलं आणि विसरून गेली. तसाही चुना तिला नवा नव्हता. अंडी भरपूर असत तेव्हा ती रांजणात चुन्याच्या निवळीत घालून ठेवायची, आणि कोंबड्या पिसं झाडायला लागून अंडी आटली की त्यातून बेकरीला पुरवायची. वर्षानुवर्षं हात त्यातच. पण या वेळी बोटांची कातडी भेगाळली, सोलली, आणि खालून नवी आली ती गुळगुळीत, चकचकीत, उकडलेल्या बटाट्यासारखी.

मग तिनं बहिणीच्या गावाहून पिल्लं आणली आणि उन्हाळाभर डोळ्यांत तेल घालून वाढवली. तोवर बेकरीवाल्याला रांजणातली अंडी पुरवत राहिली, रांजणाचा तळ दिसेपर्यंत.

पावसाळा सरता सरता तलंगांचे तुरे लाल व्हायला लागले. पण त्या साली पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. धान्य नाही, त्यामुळे गिरणी आठवड्यातून एखाद दिवस चालायची आणि गिरणीचा कोंडा, झाडणीचे दाणे मिळायचे बंद झाले. माणसांनाच पुरवून पुरवून खायची वेळ, तिथं कोंबड्यांना काय घालणार?

पहिलं अंडं सापडलं ते सुताराच्या फळीखाली, रंध्याच्या भुश्शात. कबुतराचं असावं एवढं. त्याला बारीक रक्ताची रेघ होती.

"वहिनी, हे कुणी घातलं? चिमणीनं?" सुतार हसत म्हणाला.

थोरलीनं ते तळहातावर घेतलं. पहिलटकरणीचं अंडं असंच असतं, असं ती म्हणाली. अंग अजून उघडलेलं नसतं. दोन महिने दम धरा, मग बघा.

त्यानंतर अंडी यायला लागली, पण त्यांना ना धरबंद ना रीत. एक दिवस अंडं, मग दोन दिवस काही नाही. कुणी चालता चालता अंगणात टाकलं, तर कुणी चुलीच्या राखेत. एकदा टरफलच नसलेलं, नुसत्या पडद्याचं लिबलिबीत अंडं धाकटीच्या पायाखाली आलं. दुसऱ्या एकीनं एकदम दोन बलकांचं, लांबोडकं, मोठं अंडं घातलं आणि मग आठवडाभर तोंड फिरवून बसली. थोरलीच्या नवऱ्यानं खुराड्याच्या खोक्यांत ठेवायला लाकडी अंडी घडवून दिली होती. कोंबडीनं ते अंडं बघावं आणि तिथंच बसावं, अशी युक्ती. या तलंगा त्या लाकडी अंड्याकडे मान वाकडी करून बघायच्या आणि दचकून बाहेर यायच्या.

"एरवी जुन्या असतात ना," थोरली म्हणाली, "त्यांचं बघून या शिकतात. आता दाखवणारी कोण राहिली?"

धाकटी लाकडी अंडं उचलून बघत होती. ती म्हणाली, "आक्का, हे त्यांच्या अंड्याच्या दुप्पट आहे. घाबरत असतील."

"माणसासारखा विचार नको करूस," थोरली म्हणाली आणि अंडं परत खोक्यात ठेवलं.

बेकरीवाल्यानं पहिल्या टोपलीला काही म्हटलं नाही. दुसऱ्या टोपलीला त्यानं फळीवरची एक पाटी खाली काढली. हातभर लाकडाची पाटी, मधोमध एक गोल भोक. अंडं भोकावर धरायचं. अडकलं तर घ्यायचं, पडलं तर परत. ही पाटी थोरलीच्याच नवऱ्यानं त्याला करून दिली होती, आणि भोकाचं माप घेतलं होतं ते थोरलीच्या कोंबडीच्या अंड्यावरून. इतकी वर्षं पाटी वापरायची वेळच आली नव्हती.

आता दुकानात पाव घ्यायला माणसं उभी होती आणि त्यांच्यादेखत थोरलीची अंडी एकेक करून भोकातून खालच्या भुश्शाच्या टोपलीत पडत होती. टप्प. टप्प. बेकरीवाला वाईट माणूस नव्हता. प्रत्येक अंडं तो नीट धरून बघत होता, आडवं, उभं, जणू एखादं तरी अडकावं अशी त्याचीच इच्छा होती.

"थोरल्या वहिनी, मी अंडी मोजून फोडतो, तोलून नाही," तो म्हणाला. "पिठात हात असताना तराजू कोण धरणार? ही बोरं घातली तर केक कोरडा ठणठणीत होतो आणि शिव्या मला बसतात. तुमच्यासाठी थांबतो थोडे दिवस. पण ते कोंबड्यांच्या मोठ्या शेडवाले लॉरीतून आणून देतो म्हणतात, अगदी दारात."

थोरलीनं टोपली डोक्यावर घेतली. मागून कुणीतरी म्हणालं, अंडी परत उबवायला नेते वाटतं. लोक हसले. तीही हसली, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

त्याच आठवड्यात बेकरीवाल्याची पाटी तडकली आणि त्यानं ती दुरुस्तीला सुताराकडेच पाठवली. सुतारानं पाटी उजेडात धरली, भोकात बोट फिरवलं आणि हळूच म्हणाला, "वहिनी, आतून कागदाएवढी पट्टी बसवतो. घासून एकजीव करतो. देवालासुद्धा कळणार नाही."

थोरली म्हणाली, "तुमच्या भावानं पाडलेलं भोक आहे ते. भावोजी, मापात खोट नको. अंडी मोठी होतील."

सुतारानं नुसती तड सांधली. धाकटी दारात उभी राहून ऐकत होती. तिला त्या क्षणी आपल्या जावेचा फार अभिमान वाटला. हे तिनं पुढे कधीतरी सांगितलं.

अंडी मोठी व्हायची तर कोंबड्यांना पोटभर मिळायला हवं होतं आणि घरात कोंडा होता तो मूठभर. तोंडं कमी करावी लागणार होती. ज्या अंड्यावर आल्या आहेत त्या ठेवायच्या आणि ज्यांचं काही खरं नाही त्या खाटकाकडे द्यायच्या. हे काम थोरलीचं. दुसऱ्या कुणाचं असणार?

एका दुपारी धाकटी आणि सुतार घरात नसताना ती खुराड्याशी पाट टाकून बसली. पहिली तलंग मांडीवर घेतली, शेपटी वर केली, बोटं ठेवली.

काहीच कळलं नाही.

कोंबडीची ऊब मनगटापर्यंत लागत होती. तळहाताला पिसं कळत होती. पण बोटांची टोकं जणू दुसऱ्या कुणाची होती. हाड कुठं संपतं आणि मांस कुठं सुरू होतं, ते काही सांगेनात. तिनं हात लुगड्याला पुसला, बोटांवर फुंकर घातली, परत ठेवली. जाड घोंगडीवरून चाचपावं तसं.

हे तिला अगदीच नवं नव्हतं. गेले काही महिने सुई ओवली जात नव्हती; तिनं ते डोळ्यांवर ढकललं होतं. चुलीतला निखारा उचलून आत सारताना पूर्वी बोट चटकन मागे यायचं, आता वास आल्यावर यायचं. एकदा तिनं तळहातावर मोहरीचा दाणा घेऊन चिमटीत धरून बघितला होता. दाणा चिमटीत आहे की पडला, हे डोळ्यांनी बघावं लागलं. त्यानंतर तिनं ते पुन्हा करून बघितलं नव्हतं.

ती बराच वेळ कोंबडी मांडीवर घेऊन बसून राहिली. मग तिनं ठरवलं की इतक्या वर्षांचा हात आहे, अंदाज तर आहे. एकेक तलंग घेतली, दाबून बघितली, कधी जागा आहे असं वाटलं, कधी नाही असं. ज्या 'नाही' वाटल्या त्या चौघींच्या पायांत तिनं निळी चिंधी बांधली. गाठी धड बसत नव्हत्या. दातांनी ओढून बसवल्या.

संध्याकाळी तिनं धाकटीला सांगितलं, निळ्या चिंधीच्या उद्या पहाटे धर आणि खाटकीणबाईकडे पोचव.

धाकटी खुराड्यात डोकावली. थोडा वेळ घुटमळली. "आक्का, त्यातली ती काळी... मी जवळ गेले की पंख पसरून खाली बसते. तुरा पण लाल आहे."

"तुरे तर तांदळाच्या पाण्यानंसुद्धा लाल दिसतात," थोरली म्हणाली. या बोलण्याला काही अर्थ नव्हता. पण थोरलीनं म्हटलं म्हणजे अर्थ असणार, म्हणून धाकटी गप्प राहिली. दिवस उजाडायच्या आत, कोंबड्या अजून गुंगीत असताना, तिनं चौघी धरल्या आणि डालग्यात घालून देऊन आली.

त्याच दिवशी दुपारी खाटकीण मागच्या दारानं आली. तिच्या हातात ताटलीनं झाकलेला वाडगा होता. ती थोरलीच्या बरोबरीची, लग्न होऊन एकाच वर्षी दोघी त्या गल्लीत आलेल्या. तिनं वाडगा चुलीशी ठेवला आणि ताटली काढली.

वाडग्यात बलकांचे घोस होते. पिवळेधमक, मोठ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत उतरत गेलेले. आणि तीन अंडी, टरफलासकट पूर्ण झालेली. उद्या सकाळी बाहेर आली असती अशी.

"चौघींच्याही पोटातून निघालं," खाटकीण म्हणाली. "म्हटलं, विकण्याआधी तुला दाखवावं."

तेवढ्यात सुतार पाणी प्यायला आत आला, पाठोपाठ धाकटी. सुतारानं वाडगा बघितला. त्याला कोंबड्यांतलं फार कळत नव्हतं, पण एवढं कळलं. "हे काय, वहिनी? या तर अंड्यावरच्या होत्या."

सगळे तिच्याकडे बघत होते. त्या एवढ्याशा वेळात तिच्या डोळ्यांपुढून उंबऱ्याशी बसणाऱ्या सगळ्या बायका जाऊन आल्या.

"मी सांगितल्या त्या या नव्हेत," थोरली म्हणाली. "अंधारात हिनं भलत्याच धरून दिल्या."

धाकटीनं मान वर केली. तिनं थोरलीकडे बघितलं, नवऱ्याकडे नाही. मग मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"डोळे कुठं होते तुझे?" सुतार म्हणाला. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "तुला जमत नाही तर खुराड्याला हात लावू नकोस."

खाटकिणीनं रिकामी ताटली काखेत मारली आणि आली तशी मागच्या दारानं गेली.

गल्लीला अशी गोष्ट कळायला वेळ लागत नाही. दोन दिवसांत नळावर धाकटीला कुणीतरी आंधळी कोशिंबीर म्हणालं आणि तिची घागर पुढे सरकवताना बायका मुद्दाम हात धरून दाखवायला लागल्या, बाई, नळ इकडे आहे. धाकटी घागर भरून यायची, उतरवायची आणि कामाला लागायची. खुराड्याकडे जायची नाही. पूर्वी ती थोरलीला दिवसातून दहादा 'आक्का' म्हणून हाक मारायची. आता हाक न मारता जवळ येऊन उभी राहायची. तिचं वागणं तसूभरही बदललं नव्हतं, ताट वेळेवर, पाणी वेळेवर. फक्त हाक गेली होती.

थोरली कोंबड्यांचं सगळं स्वतः बघायला लागली. अंडी गोळा करताना तिच्या लक्षात आलं की आता भुश्शात कमी आणि खोक्यात जास्त सापडताहेत. तलंगा शहाण्या होत चालल्या होत्या. रोज एकाच जागी, उन्हं डोक्यावर यायच्या आत. अंडीही भरत होती. पूर्वी एका ओंजळीत मावत तेवढी आता मावेनात. एरवी तिला यात किती आनंद झाला असता. आता प्रत्येक अंडं हातात घेतलं की तिला वाडगा आठवायचा.

एक दिवस गिरणीच्या वाटेवर खाटकीण भेटली. दोघी थोडा वेळ कोंड्याच्या भावावर आणि पावसावर बोलल्या. मग खाटकिणीनं कमरेच्या पिशवीत हात घालून काहीतरी काढलं आणि थोरलीच्या तळहातावर ठेवलं. निळ्या चिंध्या. चार. दातांनी ओढलेल्या गाठींसकट कापलेल्या.

"पायांत होत्या," खाटकीण म्हणाली. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही गं. मी कुणाला सांगणार नाही. झाकली मूठ राहू दे तुझी. पण ती पोर काही बोलली नाही, हे लक्षात ठेव."

थोरलीनं मूठ मिटली. चिंध्या मुठीत आहेत हे तिला दिसत होतं म्हणून ठाऊक होतं.

परटीण आली ती त्यानंतरच्या एका संध्याकाळी. तिच्याकडे एकच कोंबडी उरली होती. उन्हाळ्यात वाढवलेली, करड्या रंगाची, अजून अंड्यावर न आलेली. परटिणीचा जावई मुक्कामाला यायचा होता आणि नवऱ्याचं म्हणणं, कापू या हिला, एवीतेवी नुसती खाते. परटीण त्याच्याशी भांडून आली होती.

"मी म्हटलं, थोरली सांगेल तसं," ती उंबऱ्याशी बसत म्हणाली. "अंडी देणार असेल तर जावई डाळ खाईल. लेक बाळंतपणाला येईल तेव्हा तिच्या तोंडाला तरी लागतील. बघ गं."

शेजारच्या दोघी सवयीनं येऊन टेकल्या. सुतार पलीकडे फळीला रंधा मारत होता. धाकटी दिवा पुसत होती.

थोरलीनं कोंबडी मांडीवर घेतली. शेपटी वर केली. बोटं ठेवली. रंध्याचा सर्र सर्र आवाज येत होता आणि करडी कोंबडी तिच्या पोटाशी शांत बसली होती, एक डोळा वर करून. थोरलीनं डोळे मिटले. पूर्वी ती असेच डोळे मिटायची आणि बोटांतून सगळं वर यायचं, हाड, मांस, उद्याचं अंडं. आता वर काही आलं नाही.

'ठेव' म्हटलं असतं तरी चाललं असतं. कोंबडी जगली असती, कुणाचं काय गेलं असतं? थोरलीच्या ओठांवर तो शब्द आलाही. पण तिनं डोळे उघडले तेव्हा समोर धाकटी दिव्याची काच हातात घेऊन थांबली होती. ती थोरलीच्या तोंडाकडे बघत नव्हती, तिच्या बोटांकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता. एखाद्याचा पाय मुरगळलेला दिसावा तसं ती बघत होती. तिला ठाऊक होतं. केव्हापासून, कोण जाणे.

"मला कळत नाही," थोरली म्हणाली.

"म्हणजे? मधली आहे का?" परटीण.

"कोंबडीचं नव्हे. माझ्या बोटांना कळत नाही. चुन्यानं गेली. पुष्कळ दिवस झाले." तिनं कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला. "त्या चौघी हिनं बरोबर धरल्या होत्या. माझ्याच चिंध्या होत्या त्यांच्या पायांत. मी खोटं बोलले."

रंधा थांबला.

शेजारणींपैकी एकीनं दुसरीला कोपर लावलं. परटिणीला फक्त तिच्या कोंबडीची काळजी होती, ती म्हणाली, "मग आता हिचं काय करू?"

"धाकटे, इकडे ये," थोरली म्हणाली. "हात धुऊन ये."

धाकटी हात धुऊन आली. थोरलीनं तिच्या मांडीवर कोंबडी दिली, तिचं मनगट धरलं आणि बोटं जागेवर नेऊन ठेवली. हाड लागलं का? दोन्हीकडचं? मधल्या जागेत बोटं आडवी ठेव, दाबू नकोस, नुसती ठेव. किती बसतात?

धाकटीनं बोटं आडवी केली. "दोन. दोन बसतात, आक्का."

थोरलीनं किती दिवसांनी ती हाक ऐकली. ती परटिणीला म्हणाली, "ठेव. आठवड्यात अंडं देईल."

सुतार त्या रात्री बायकोशी काय बोलला ते कुणाला माहीत नाही. बहुधा काहीच नाही, तो तसाच होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खोक्यांतली लाकडी अंडी गोळा केली, कानशीनं घासली आणि लहान केली, तलंगांच्या अंड्याएवढी. मग ती नेऊन बायकोच्या ओटीत ठेवली. "आता नाही घाबरायच्या," एवढंच म्हणाला.

आठवडा गेला, दुसरा गेला. परटिणीची कोंबडी अंडं देईना. जावई डाळ खाऊन गेला आणि जाताना सासऱ्याला काहीतरी बोलून गेला. तिसऱ्या आठवड्यात परटीण उंबऱ्यात येऊन उभी राहिली ती कमरेवर हात ठेवूनच. एकीला बोटं नाहीत नि दुसरीला अक्कल नाही, असं घर आहे हे, असं ती म्हणाली. नवरा मला रोज विचारतो, तुझ्या थोरलीचा आठवडा किती दिवसांचा असतो?

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. थोरलीनं कोंबडी परत मागवली, धाकटीला परत बघायला लावलं. दोन नक्की बसत होती. मग थोरलीची नजर धाकटीच्या हातावर गेली. तिनं तो हात ओढून घेतला आणि आपला हात त्याच्याशेजारी ठेवला.

थोरलीची बोटं लाकूड उचलून, पाणी ओढून, जातं ओढून अंगठ्याएवढी झालेली. धाकटीची भेंडीसारखी, बारीक, लांब. थोरलीच्या दोन बोटांच्या रुंदीत धाकटीची तीन सहज बसत होती.

थोरली हसायला लागली. मानमोडीनंतर पहिल्यांदाच अशी पोटातून हसली. "अगं, माप माझं आणि बोटं तुझी," ती म्हणाली. "तुझी तीन म्हणजे माझी दोन. मलाच सुचलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, दोन म्हणजे दोन."

परटीण आधी रागानं बघत होती. मग तिनंही आपली दोन बोटं पुढे करून बघितली. ती पाण्यानं सुरकुतलेली आणि आणखीच जाड होती.

"माझी दीडच पुरतील," ती म्हणाली, आणि मग तिघीही हसल्या.

करडीनं आणखी काही दिवसांनी अंडं दिलं. चिमणीच्या अंड्याएवढं. परटीण ते तळहातावर घेऊन गल्लीभर दाखवत आली, जणू तिनंच घातलं होतं.

बेकरीवाल्याकडे थोरली नव्या टोपलीसह गेली तेव्हा धाकटी बरोबर होती. त्यानं पाटी काढली. पहिलं अंडं भोकावर ठेवलं. ते खाली सरकलं, कडेला टेकलं आणि थांबलं. बेकरीवाल्यानं पाटी जराशी हलवून बघितली. पडलं नाही. दुसरं पडलं, तिसरं अडकलं. निम्म्याहून जास्त अडकली. तो पाटी भिंतीला टांगत म्हणाला, उरलेली माझ्या घरी न्याहारीला घेतो. शेडवाल्यांचं तो काही बोलला नाही आणि थोरलीनं विचारलं नाही.

आता त्यातलं कुणी फारसं उरलेलं नाही. बेकरीवाल्यानं पुढे लॉरीतली अंडी घ्यायला सुरुवात केलीच, पण थोरली असेपर्यंत तिची टोपली कधी परत पाठवली नाही. पाटी भिंतीवर पिठानं पांढरी होऊन टांगलेली राहिली आणि त्याच्या मुलानं दुकान पाडलं तेव्हा ती सरपणात गेली. खाटकिणीनं दिला शब्द पाळला, पाळायची गरज उरली नव्हती तरीही. परटीण लेकीकडे राहायला गेली आणि जाताना करडीच्या नातीला काखेत मारून घेऊन गेली. सुतार गुडघ्यांनी बसेपर्यंत रंधा मारत राहिला.

थोरली त्यानंतर बरीच वर्षं जगली. बोटं परत आली नाहीत. संध्याकाळी ती उंबऱ्याशी बसायची आणि बायका तलंगा घेऊन यायच्या त्या धाकटीकडे. थोरली नुसतं कोंबडीच्या डोळ्याकडे, तुऱ्याकडे बघून काही म्हणायची आणि धाकटी बोटं ठेवून 'तीन' म्हणायची. गल्लीत तेच माप झालं. 'धाकटीची तीन' म्हटलं की पोरींनाही कळायचं. चुन्याला मात्र थोरलीनं तिला कधी हात लावू दिला नाही. निवळी ढवळायला सुतारानं लांब दांड्याची पळी करून दिली होती.

थोरली गेल्यावर कितीतरी वर्षांनी, धाकटीचेच केस पिकल्यावर, शेजारची एक नवी सून तलंग घेऊन आली. धाकटीनं सवयीनं बोटं ठेवली. तीन बसेनात. तिनं पुन्हा ठेवली. कोंबडीचा तुरा लाल, पंख पसरून बसणारी, पोट मऊ, सगळं अंड्याजवळ आलेलं आणि बसत होती ती दोनच.

तिनं हात उजेडात धरून बघितला. लाकूड उचलून, पाणी ओढून, जातं ओढून बोटं केव्हा अशी झाली, तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"काय झालं, आजी?" सून म्हणाली. "देऊ का ठेवू?"

"ठेव," धाकटी म्हणाली. "दोन बसतात."

सून गेल्यावर ती आत गेली, थोरलीनं कधीतरी सांगितलं होतं तसा डब्यातून मोहरीचा एक दाणा काढला, डोळे मिटले आणि चिमटीत धरला. दाणा होता.

डोळे न उघडताच तिनं तो बोटांत फिरवला आणि डब्यात परत टाकला.